'बाय' आणि 'अनटिल': एका 'पर्यंत'च्या दोन वाटण्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांनी ऑफिसच्या एका मेलमध्ये तीन वाक्यं लिहिली होती: 'आय विल सबमिट द रिपोर्ट टिल मंडे', 'अनटिल यू डोन्ट अप्रूव्ह, वी कॅनॉट स्टार्ट' आणि 'टिल नाऊ देअर इज नो प्रॉब्लेम'. वरिष्ठांनी तिन्ही वाक्यं बदलून मेल परत पाठवला, पण कारण सांगितलं नाही. शब्दकोशात 'बाय' आणि 'अनटिल' दोन्हींपुढे 'पर्यंत' असाच अर्थ दिलेला दिसतो, मग फरक नेमका कुठे आहे, असं त्यांना विचारायचंय. जाता जाता त्यांनी 'टिल डेट' हा प्रयोग बरोबर की चूक, हेही विचारलंय.

वीसेक वर्षं मी इंग्रजी-मराठी भाषांतराचं आणि लोकांचं इंग्रजी तपासून देण्याचं काम करतोय. ही तीन वाक्यं कुणीही न सांगता माझ्यासमोर ठेवली असती, तरी लिहिणारा माणूस मराठीत किंवा हिंदीत विचार करतो हे मी पैज लावून सांगितलं असतं. तिन्ही चुका वेगवेगळ्या दिसतात, पण मूळ एकच: आपला 'पर्यंत'.

हा शब्द जरा उलगडून बघा. परि अधिक अंत. म्हणजे कड, सीमा, जिथे एखादी गोष्ट संपते ती रेषा. 'पर्यंत' एवढंच सांगतो की कड कुठे आहे. कडेच्या अलीकडे काय चाललंय, यात तो पडत नाही. 'सोमवारपर्यंत अहवाल देतो' आणि 'सोमवारपर्यंत मी बाहेरगावी आहे' ही दोन वाक्यं आपण सहज बोलतो आणि ऐकणारा गोंधळत नाही. का? कारण 'देणे' हे एकदाच घडणारं काम आहे आणि 'असणे' हे पसरलेलं. कड दाखवायची 'पर्यंत'ने आणि आतला तपशील भरायचा क्रियापदाने, अशी मराठीची व्यवस्था आहे.

इंग्रजीने हा तपशील त्या छोट्या शब्दातच भरून ठेवलाय. 'अनटिल' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर एक रेघ येते: एखादी स्थिती किंवा काम सतत चालू आहे, ते कडेपर्यंत आलं आणि तिथे थांबलं. 'बाय' म्हटलं की ठिपका येतो: काम एकदाच होणार, कधीही होऊ दे, आज होऊ दे की रविवारी रात्री, फक्त त्या कडेच्या पलीकडे जाता कामा नये. मी शिकवताना फळ्यावर खरोखरच एक रेघ आणि एक ठिपका काढतो. पुढचं बरंचसं त्यावरच भागतं.

आता तुमचं पहिलं वाक्य इंग्रजी कानाने ऐका. 'आय विल सबमिट द रिपोर्ट टिल मंडे'. सादर करणं हा ठिपका, पण तुम्ही त्याला रेघेचा शब्द जोडलात. ऐकू येतं ते असं: मी सोमवारपर्यंत अहवाल सादर करत राहणार आहे. आज सादर, उद्या सादर, परवा परत सादर, आणि सोमवार आला की बंद. वरिष्ठांना अर्थ कळला नाही असं मुळीच नाही, त्यांना तो कळला आणि थोडं हसूही आलं असेल. तिथे 'बाय मंडे' हवं.

एकच व्यवहार दोन्ही बाजूंनी कसा सांगता येतो ते ग्रंथालयाच्या उदाहरणात छान दिसतं. 'यू कॅन कीप द बुक अनटिल फ्रायडे' म्हणजे पुस्तक शुक्रवारपर्यंत ठेवा. 'रिटर्न द बुक बाय फ्रायडे' म्हणजे शुक्रवारपर्यंत परत करा. पुस्तक तेच, शुक्रवार तोच, नियमही तोच. पण ठेवणं ही रेघ आहे आणि परत करणं हा ठिपका, म्हणून शब्द बदलला. मराठीत दोन्हीकडे 'शुक्रवारपर्यंत' आलं हेही लक्षात घ्या.

यापेक्षा अडचणीची ती क्रियापदं, जी दोन्हीकडे चालतात, कारण तिथे चूक व्याकरणाची राहत नाही. वाक्य शुद्धच असतं, अर्थ मात्र दुसराच पोहोचतो. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने एका पाहुण्याला निरोप लिहिला होता: 'आय विल बी इन द ऑफिस बाय सिक्स'. त्याला म्हणायचं होतं, सहापर्यंत मी ऑफिसात आहे, तोवर कधीही या. पाहुण्याने वाचलं ते असं: सहा वाजेस्तोवर हा ऑफिसात येऊन पोहोचेल. सभ्य माणूस, म्हणून पंधरा मिनिटं जास्तीची देऊन सव्वासहाला आला. दाराला कुलूप. दुसऱ्या दिवशी दोघंही एकमेकांवर खट्टू, आणि निरोप पुन्हा पुन्हा वाचून प्रत्येकाला आपलंच बरोबर वाटतंय. मी मध्ये पडलो तेव्हा सहकारी मला म्हणाला, "अरे, सहापर्यंतच तर लिहिलंय!" त्याच्या डोक्यात तेच होतं, कागदावर मात्र वेगळं उतरलं होतं.

हा गोंधळ फक्त आपला आहे असं वाटून घेऊ नका. हिंदीच्या 'तक'चं अगदी हेच आहे. जर्मन भाषेतला 'बिस' दोन्ही कामं करतो, त्यामुळे चांगलं इंग्रजी बोलणारे जर्मनही 'सेंड इट अनटिल फ्रायडे' लिहून जातात. मला अशा मेल आल्या आहेत. जपानीत मात्र हा भेद आहे, आणि तो कसा तर एका अक्षराने: 'मादे' म्हणजे रेघेचा पर्यंत आणि 'मादे नी' म्हणजे ठिपक्याचा. स्पॅनिशमध्ये 'आस्ता' आणि 'पारा' असे दोन वेगळे शब्द वापरतात. म्हणजे जगातल्या काही भाषांनी ही वाटणी शब्दात केली, काहींनी क्रियापदावर सोडली. यात कोण पुढारलेलं आणि कोण मागासलेलं असा काही प्रश्न नाही.

शब्दांचा उगम पाहिला तर हे डोक्यात पक्कं बसायला मदत होते. 'बाय'चा मूळ अर्थ जवळ, शेजारी, कडेला. नदीकाठच्या घराला इंग्रजीत 'बाय द रिव्हर' म्हणतात तो हाच 'बाय'. 'बाय मंडे' म्हणजे सोमवार आपल्या शेजारी येऊन उभा राहील तेव्हा काम झालेलं असेल. 'टिल' हा उत्तरेकडून, स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेच्या संगतीने इंग्रजीत रुळलेला शब्द. 'अनटिल' त्याच्यानंतरचा. लोकांना उलटं वाटतं, 'अनटिल' मूळचा आणि 'टिल' हे त्याचं आखूड रूप, पण तसं नाही. 'अनटिल'मधला 'अन' हाही 'पर्यंत' अशाच अर्थाचा जुना शब्द आहे, म्हणजे 'अनटिल' हे शब्दशः 'पर्यंत-पर्यंत' झालं. आपण 'पाव-रोटी' म्हणतो (पोर्तुगीजमधून आलेला 'पाव' म्हणजेही रोटीच) त्याच चालीचं. अर्थात दोघांत आज काही फरक नाही. बोलताना 'टिल' जास्त, वाक्याच्या सुरुवातीला आणि औपचारिक लेखनात 'अनटिल' जास्त. स्पेलिंगमध्ये 'टिल'ला दोन 'एल' आणि 'अनटिल'ला एकच, एवढं सांभाळा.

रेघ कोणती आणि ठिपका कोणता हे ओळखायचं कसं? भाषाशास्त्रात याची रीतसर मांडणी आहे. तत्त्वज्ञ झेनो वेंडलर यांनी १९५७ साली क्रियापदांचे चार गट पाडले: स्थिती दाखवणारी, नुसती चालू राहणारी, वेळ घेऊन शेवटाला पोहोचणारी आणि क्षणात घडणारी. पहिले दोन 'अनटिल'चे सोबती, शेवटचे दोन 'बाय'चे. पण मेल लिहिताना कुणी गट आठवत बसत नाही. मी मराठीतच एक चाचणी घ्यायला सांगतो. 'पर्यंत' काढून तिथे 'च्या आत' घालून बघा. 'सोमवारच्या आत अहवाल देतो' चालतं, मग 'बाय'. 'सोमवारच्या आत मी बाहेरगावी आहे' हे कानाला खटकतं, मग 'अनटिल'. दुसरी चाचणी उलट बाजूने: क्रियापदाला 'राहणे' जोडा. 'सहापर्यंत वाट बघत राहतो' चालतं, 'सहापर्यंत पोहोचत राहतो' चालत नाही.

'वाचणे'सारखं क्रियापद या चाचणीत दोन्हीकडे बसतं, आणि तिथे तुम्हाला काय म्हणायचंय तेच बघावं लागतं. 'रीड धिस बुक बाय मंडे' म्हणजे सोमवारच्या आत वाचून संपव. 'रीड धिस बुक अनटिल मंडे' म्हणजे सोमवारपर्यंत हे वाचत बस, संपलं नाही तरी चालेल, सोमवारी दुसरं देतो.

'असणे'चंही तसंच, आणि इथे एक बारीक गंमत आहे. 'द हॉल वॉज फुल बाय नाइन' म्हणजे नऊ वाजता बघितलं तर सभागृह भरून गेलेलं होतं, पुढेही भरलेलंच राहिलं असेल. 'द हॉल वॉज फुल अनटिल नाइन' म्हणजे नऊपर्यंत भरलेलं होतं आणि नऊनंतर रिकामं व्हायला लागलं. एका छोट्या शब्दाने गर्दीची दिशा बदलली. नऊ हा आकडा पहिल्या वाक्यात भरण्याची मर्यादा आहे, दुसऱ्यात रिकामं होण्याची सुरुवात. मराठीत पहिल्याला आपण 'नऊपर्यंत सभागृह भरलं' म्हणू आणि दुसऱ्याला 'नऊपर्यंत सभागृह भरलेलं होतं'. भेद आहेच आपल्याकडे, पण तो 'पर्यंत'मध्ये नसून 'भरलं' आणि 'भरलेलं' यांच्यात आहे. इंग्रजीत जाताना आपण तो क्रियापदाच्या रूपात शोधत बसतो आणि 'बाय-अनटिल'कडे लक्षच जात नाही.

आता नकाराकडे येतो. मला विचाराल तर या विषयातला खरा खड्डा इथे आहे आणि अनुभवी लोकही त्यात पडतात. मीही पडलोय.

सुरुवातीच्या वर्षांत एका वृत्तलेखाचं भाषांतर माझ्याकडे आलं होतं. त्यात एक वाक्य होतं: 'द कंपनी डिड नॉट इन्फॉर्म इट्स कस्टमर्स अनटिल मार्च'. मी लिहिलं, 'कंपनीने मार्चपर्यंत ग्राहकांना कळवलं नाही.' शब्दाला शब्द बरोबर. आमच्या संपादकबाईंनी वाचलं आणि विचारलं, "मग शेवटी कळवलं का?"

"हो, मार्चमध्ये कळवलं."

"कुठे लिहिलंय?"

"इंग्रजीत आहे ना."

"मी मराठी वाचतेय," त्या म्हणाल्या.

त्यांचं बरोबर होतं. इंग्रजी वाचणाऱ्याला 'नॉट अनटिल मार्च' वाचताच कळतं की मार्चमध्ये कळवलं, तेही उशिरा. मराठीत 'मार्चपर्यंत कळवलं नाही' एवढं वाचलं तर मार्च आला तरी कळवलेलं नव्हतं, असं वाटतं. पुढचं अधांतरी. त्या वाक्याचं खरं मराठी रूप म्हणजे 'कंपनीने ग्राहकांना कळवलं ते थेट मार्चमध्ये' किंवा 'मार्च उजाडला तेव्हा कुठे कंपनीने कळवलं'. आपल्याकडे 'तेव्हा कुठे', 'मगच', 'थेट' असे शब्द आहेत, 'नॉट अनटिल'चं काम ते करतात. 'नाही' आणि 'पर्यंत' ही जोडी ते करत नाही.

मग 'मार्चपर्यंत कळवलं नाही' याला इंग्रजीत काय म्हणायचं? 'द कंपनी हॅड नॉट इन्फॉर्म्ड इट्स कस्टमर्स बाय मार्च'. मार्चमध्ये उभं राहून मागे बघितलं, तेव्हा ठिपका कुठेच नव्हता. पुढे पडला की नाही, वाक्य सांगत नाही.

इथे कुणी विचारेल, कळवणं हा ठिपका असेल तर त्याच्यासोबत 'अनटिल' आलाच कसा? तर ठिपका हा कळवण्याचा. न कळवणं ही मात्र रेघ आहे. जानेवारीत न कळवणं, फेब्रुवारीत न कळवणं, चालूच. त्या रेघेला 'अनटिल' कड घालतो, आणि न कळवणं जिथे संपतं तिथे कळवणंच असणार. म्हणून 'नॉट अनटिल' म्हणजे 'तेव्हाच'. हे एकदा उमगलं की 'डोन्ट साइन अनटिल यू हॅव रेड इट' यासारखी वाक्यं सरळ दिसायला लागतात: वाचून झाल्यावरच सही करा.

मेक्सिकोच्या स्पॅनिशमध्ये तर यातला नकार गळूनच गेलाय. तिथे दुकान 'आस्ता' नऊ उघडतं असं म्हणतात, आणि अर्थ असतो नऊशिवाय उघडत नाही. इतर स्पॅनिश बोलणारे त्यावर डोकं खाजवतात. तेव्हा आपण एकटे नाही.

आता तुमचं दुसरं वाक्य: 'अनटिल यू डोन्ट अप्रूव्ह, वी कॅनॉट स्टार्ट'. मागे मराठी स्पष्ट दिसतंय: 'जोपर्यंत तुम्ही मंजुरी देत नाही, तोपर्यंत आम्ही सुरू करू शकत नाही.' मराठीत हे वाक्य निर्दोष आहे. त्यात दोन 'नाही' आहेत आणि दोन्ही हवेतच. कारण 'जोपर्यंत' त्या मधल्या काळाचं वर्णन करतो. मधल्या काळात परिस्थिती कशी आहे? मंजुरी नाही. म्हणून 'देत नाही'. 'अनटिल' मधल्या काळाकडे बघतच नाही. तो पलीकडच्या टोकाला उभा असतो, आणि त्या टोकाला मंजुरी मिळालेली असते. तिथे नकाराला जागाच नाही. 'वी कॅनॉट स्टार्ट अनटिल यू अप्रूव्ह', एवढंच.

तुम्ही लिहिलेलं वाक्य इंग्रजी माणूस अक्षरशः वाचायला गेला तर अर्थ निघतो: तुम्ही नामंजूर करेपर्यंत आम्ही सुरू करू शकत नाही. बरोबर उलटं! करारात किंवा सूचनेत असं वाक्य गेलं तर वाद घालायला आयतं निमित्त.

यावर माझा तोडगा साधा आहे. इंग्रजीत लिहायच्या आधी 'जोपर्यंत… नाही' हे मनातल्या मनात '-ईपर्यंत' किंवा '-एपर्यंत' करून घ्या. 'जोपर्यंत तुम्ही मंजुरी देत नाही' याचं 'तुम्ही मंजुरी देईपर्यंत' झालं की 'नाही' आपोआप गळतं, आणि हे रूप 'अनटिल'वर बरोबर बसतं. 'तो येत नाही तोपर्यंत थांब' याचं 'तो येईपर्यंत थांब' करा, मग 'वेट अनटिल ही कम्स'. फक्त 'येईपर्यंत'मध्ये भविष्याचा भास आहे म्हणून 'अनटिल ही विल कम' करू नका, पुढची गोष्ट असली तरी 'अनटिल'नंतर 'विल' न येता वर्तमानकाळाचं रूपच येतं.

'जोपर्यंत'नंतर नकार नसेल तर गाडी वेगळ्या रुळावर जाते. 'जोपर्यंत मी आहे, तोपर्यंत काळजी करू नका' इथे 'अनटिल' घालून बघा: 'डोन्ट वरी अनटिल आय ॲम हिअर'. म्हणजे मी येईपर्यंत काळजी करू नका, मी आलो की सुरू करा! इथे 'ॲज लाँग ॲज' हवं. आणि वेळेचा संबंधच नसून नुसती अट असेल तर 'अनलेस'. 'पैसे भरल्याशिवाय प्रवेश नाही' यात घड्याळ कुठेच नाही.

'-एपर्यंत' या रूपाचा एक सापळाही सांगून ठेवतो, नाहीतर वरचा तोडगा वापरून तुम्ही दुसरीकडे अडखळाल. 'मी पोहोचेपर्यंत थांब' आणि 'मी पोहोचेपर्यंत बैठक संपली होती'. रूप एकच. पहिल्यात थांबणं ही रेघ, म्हणून 'अनटिल आय रीच'. दुसऱ्यात संपणं हा ठिपका, तो मी पोहोचण्याच्या अलीकडेच कुठेतरी पडला, म्हणून 'बाय द टाइम आय रीच्ड, द मीटिंग हॅड एंडेड'. 'अनटिल' हा शब्द पूर्ण वाक्य जोडून घेऊ शकतो, 'बाय'ला ते जमत नाही, म्हणून त्याला 'द टाइम' हा आधार लागतो. 'हॅड एंडेड', 'विल हॅव फिनिश्ड' अशी पूर्ण काळाची रूपं 'बाय'च्या आजूबाजूला सारखी दिसतात त्याचंही कारण हेच: कडेवर उभं राहून मागे वळून बघणं.

तिसरं वाक्य दिसायला सगळ्यात निरुपद्रवी आणि परिणामाने सगळ्यात वाईट. 'टिल नाऊ देअर इज नो प्रॉब्लेम'. तुम्हाला धीर द्यायचा होता: आतापर्यंत काही अडचण नाही, सगळं ठीक चाललंय. पण 'अनटिल'ची रेघ कडेला संपते आणि पुढे काहीतरी बदलतं, ही अपेक्षा त्या शब्दातच असते. 'ही लिव्हड हिअर अनटिल लास्ट इअर' म्हटलं की तो आता इथे राहत नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. तसंच 'देअर वॉज नो प्रॉब्लेम अनटिल नाऊ' म्हटलं की वाचणारा सावरून बसतो. म्हणजे आता काहीतरी झालं! ग्राहकाला अशी मेल गेली तर पुढच्या पाच मिनिटांत फोन येणार. तुमच्या वाक्यात 'इज' असल्यामुळे वाचणाऱ्याने कदाचित सांभाळून घेतलं असतं, पण खात्री नाही. अडचण नाही आणि पुढेही दिसत नाही असं म्हणायचं असेल तर 'सो फार': 'सो फार, देअर हॅव बीन नो प्रॉब्लेम्स'.

'आतापर्यंत' या एका शब्दाची इंग्रजीत निदान तीन रूपं होतात, ती शेजारी शेजारी ठेवून बघा. 'आतापर्यंत तो घरी पोहोचला असेल' हा अंदाज आहे, पोहोचणं ठिपका, म्हणून 'बाय नाऊ'. 'आतापर्यंत मी पाच प्रकरणं तपासली' हा हिशेब आहे, काम पुढे चालू आहे, म्हणून 'सो फार'. 'आतापर्यंत मला हे माहीत नव्हतं' इथे मात्र खरंच 'अनटिल नाऊ', कारण आता कळलंय, रेघ तुटली. मला वाटतं, 'पर्यंत'चं इंग्रजी काय, हा प्रश्नच चुकीचा आहे. आतापर्यंतच्या अलीकडे काय झालं आणि पलीकडे काय होणार, असं विचारलं की शब्द आपोआप सुचतो.

कड आत धरायची की बाहेर, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मुदतीच्या मेल लिहिणाऱ्याने विचारायलाच हवा. 'बाय फ्रायडे'मध्ये शुक्रवार सहसा धरला जातो, शुक्रवारी दिलंत तरी चालतं. पण शुक्रवारी किती वाजता? देणारा रात्री पावणेबाराला पाठवतो, घेणारा सकाळी दहापासून वाट बघतोय. 'अनटिल फ्रायडे' यापेक्षाही संदिग्ध. 'ही इज ऑन लीव्ह अनटिल फ्रायडे' म्हटलं तर तो शुक्रवारी कामावर आहे की नाही? दोन इंग्रजी भाषकांना विचारा, दोन उत्तरं मिळतील. अमेरिकेत यासाठी 'थ्रू' वापरतात: 'मंडे थ्रू फ्रायडे' म्हणजे शुक्रवार धरून. बाकी ठिकाणी सावध माणसं 'ऑन ऑर बिफोर फ्रायडे' लिहितात, नाहीतर 'अप टू अँड इन्क्लूडिंग फ्रायडे'. वाचायला जड आहे, पण भांडण होत नाही. नुसतं 'बिफोर फ्रायडे' म्हटलं तर शुक्रवार बाहेर. 'शुक्रवारी मध्यरात्रीपर्यंत' हाही एक घोळच, ती मध्यरात्र शुक्रवार सुरू होतानाची की संपतानाची? म्हणूनच मुदतीत ११ वाजून ५९ मिनिटं अशी विचित्र दिसणारी वेळ छापतात. माझं म्हणाल तर मी सुट्टीच्या मेलमध्ये 'अनटिल' लिहितच नाही. 'मी सोमवारी परत येतोय' असं लिहितो. 'बॅक ऑन मंडे', विषय संपला.

मुदत तारखेऐवजी कालावधीत असेल तर दोन्ही शब्द बाजूला ठेवा. 'तीन दिवसांच्या आत' म्हणजे 'विदिन थ्री डेज'. 'बाय थ्री डेज' नाही. 'इन थ्री डेज'चा अर्थ बहुतेक वेळा तीन दिवसांनी असा घेतला जातो, तेव्हा तोही जपून.

आणि 'पर्यंत' जेव्हा काळाचा नसतो, तेव्हाही या दोघांचं काम नाही. 'पुलापर्यंत चालत गेलो' याचं 'वॉक्ड टिल द ब्रिज' आपल्या बोलण्यात सर्रास येतं, पण प्रमाण इंग्रजीत तिथे 'ॲज फार ॲज द ब्रिज' किंवा साधं 'टू'. 'शंभरपर्यंत मोज' हे 'काउंट टू अ हंड्रेड'. 'शंभर माणसांपर्यंत जागा आहे' हे 'अप टू अ हंड्रेड', आणि तो 'अप टू' दोन शब्दांत लिहायचा, जोडून नाही.

राहता राहिलं 'टिल डेट'. भारतीय उपखंडातल्या इंग्रजीत ते इतकं रुजलंय की त्याला चूक म्हणायला माझी जीभ अडखळते. आपसातल्या पत्रव्यवहारात कुणाचंही त्यावाचून अडत नाही आणि अर्थ शंभर टक्के पोहोचतो. पण बाहेरच्या वाचकासाठी लिहीत असाल तर 'टू डेट' लिहा. ब्रिटिश आणि अमेरिकन लेखनात तेच चालतं. 'टिल डेट' वाचून त्यांना अर्थ कळेल, पण नजर एक क्षण तिथे अडकेल. तुमच्या वरिष्ठांनी तीन ठिकाणी बदल केले म्हणालात. मेलमध्ये 'टिल डेट' असतं तर चौथा झाला असता.